दीक्षाचा लेखनिक

सलिल मेहेंदळे बोलत नाही, अशी त्याची लहानपणापासूनची ख्याती. बोलत नाही म्हणजे अगदीच मुका नव्हे; पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की त्याच्या घशात काहीतरी अडकायचं, आणि ते सुटेपर्यंत विषय पुढे निघून गेलेला असायचा. कोथरूडच्या एका छोट्या कंपनीत तो शाळकरी मुलांच्या ॲपसाठी विज्ञानाचे धडे लिहायचा. लिहायचा मात्र फार सुरेख. त्याने गांडुळावर लिहिलं तर वाचणाऱ्याला गांडुळाविषयी माया वाटू लागायची. पण त्याच धड्यातलं एखादं वाक्य मीटिंगमध्ये कुणी खोडलं, की सलिल "चालेल" म्हणायचा आणि पुढे दोन दिवस त्याला जेवण गोड लागायचं नाही.

घरात तो आणि आई, दोघंच. कुसुमताईंनी टपाल खात्यात काउंटरवर उभी हयात घालवलेली. जीभ तिखट, मन स्वच्छ. सलिलच्या खोलीत अर्ध्यावर थांबलेल्या गोष्टींचं संमेलन भरलेलं असायचं: निम्मी लिहिलेली बालकादंबरी, चार सूर शिकून ठेवून दिलेली बासरी, बी पेरून विसरलेल्या कुंड्या. "सुरुवात करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही," कुसुमताई म्हणायच्या, "शेवट तेवढा बाहेरून मागवावा लागतो."

मागच्या वर्षी ऑफिसात एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाला त्याचा स्वभाव छापून दिला. सलिल निघाला अंतर्मुख आणि आदर्शवादी. दुसऱ्याचं मन जाणतो, कल्पनाशक्ती दांडगी, तत्त्वाला घट्ट, ही त्याची बलस्थानं. वाद टाळतो, टीका मनाला लावून घेतो, मनातलं सांगत नाही, हाती घेतलेलं तडीला नेत नाही, या सुधारणेच्या जागा. वाचताना सलिलला भरून आलं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणीतरी नीट वाचलं, असं त्याला वाटलं. पण खरं सांगायचं तर बलस्थानांपेक्षा ती दुसरी बाजूच त्याला जास्त आवडली. तिच्यात सुटका होती. आपण भित्रे नाही. आपण असे आहोत, बस्स.

त्याच सुमारास त्याला लेखनिकाचं काम सापडलं. अंध विद्यार्थी परीक्षेत उत्तरं तोंडी सांगतात आणि लेखनिक ती शब्दशः उतरवून घेतो. एक शांत खोली, समोर एकच माणूस, आणि काम सत्कार्याचं. सलिलला वाटलं, हे आपल्यासाठीच बनलंय. एका संस्थेने त्याची गाठ दीक्षा वानखेडेशी घालून दिली.

दीक्षा मूळची यवतमाळकडची, दारव्ह्याची. जन्मापासून दिसत नव्हतं. विश्रांतवाडीला मुलींच्या वसतिगृहात राहून राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. बारीक चणीची, वेणी घट्ट घातलेली, आणि बोलणं असं की आडपडदा नाही. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "सर, तुमचं अक्षर कसं आहे? मला तर दिसत नाही, पण तपासणाऱ्याला दिसते."

सराव सुरू झाला. शनिवारी दुपारी ती सांगायची, सलिल लिहायचा, मग वाचून दाखवायचा. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी वाचता वाचता दीक्षाने हात वर केला.

"थांबा. 'जनतेचा विश्वासभंग झाला' हे कोण म्हणलं?"

सलिल गोंधळला. "तुम्ही म्हणालात... म्हणजे तसा अर्थ..."

"मी म्हणली, लोकांना फसवलं."

"हो, पण विश्वासभंग जरा... बरं दिसतं."

"तुम्हाला बरं दिसते. पण पेपर माझा आहे नं?" ती रागावली नव्हती, सरळ सांगत होती. "मी चुकीचं बोलली तर चुकीचं लिहा. माझी चूक माझ्या नावावर राहू द्या."

ते खरंच होतं, आणि नियमही तोच होता. पण सलिलच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपल्याला तिचं मन कळतं. प्रत्यक्षात तो तिच्या तोंडी स्वतःचे शब्द घालत होता. पुढचा शनिवार त्याने सर्दीचं निमित्त सांगून चुकवला. त्यानंतर मात्र गेला, आणि तेव्हापासून तिचा शब्दन्‌शब्द, ती अडखळली तर तिथं थांबून, जसाच्या तसा लिहू लागला.

परीक्षा आली. पहिले दोन पेपर निर्विघ्न पार पडले. अंध विद्यार्थ्यांना तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे बाकीचं कॉलेज रिकामं झाल्यावरही तळमजल्यावरच्या त्या खोलीत दीक्षाचा आवाज आणि सलिलचं पेन चालू असायचं.

तिसऱ्या पेपरला पर्यवेक्षक नवे होते. साठीकडे झुकलेले, चेहऱ्यावर थकवा, पाय सुजलेले म्हणून चपला काढून बसलेले. शेवटची घंटा झाली तसे ते उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"चला, पेपर द्या."

"सर, आम्हाला जादा वेळ असतो," दीक्षा म्हणाली.

"मला तसं कोणी लेखी दिलेलं नाही. उद्या माझ्यावर बालंट नको."

"सर, नियम आहे. तुम्ही ऑफिसला विचारा."

"आता तुम्ही मला नियम शिकवणार?" त्यांचा आवाज चढला. मग ते सलिलकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सुशिक्षित दिसता. द्या तो पेपर."

त्या नियमाची प्रत सलिलच्या बॅगेत होती. बॅग दाराशीच ठेवलेली होती. नियम त्याला तोंडपाठ होता. पण त्या क्षणी त्याला दिसत होते ते त्या माणसाचे सुजलेले पाय. हा बिचारा सकाळपासून उभा असेल, याला कुणीतरी वर झापलेलं असेल, घरी जायची घाई असेल, असं सगळं त्याच्या मनात भराभर उमटत गेलं. आणि त्या चढलेल्या आवाजाने घशातलं ते नेहमीचं काहीतरी घट्ट बसलं. दीक्षा त्याच्या दिशेला तोंड करून थांबली होती. सलिल उठला आणि त्याने उत्तरपत्रिका देऊन टाकली.

बाहेर आल्यावर दीक्षाने पांढरी काठी उघडून जमिनीवर टेकवली. "एक अख्खा प्रश्न राहिला," एवढंच म्हणाली, आणि रिक्षा बोलावून निघून गेली.

घरी येऊन सलिलने तिला माफीचा मेसेज लिहिला. तो इतका लांब झाला की मोबाइलने त्याचे दोन तुकडे केले. त्यात स्वतःला दिलेले दोष होते, तिच्याविषयीचा आदर होता, आणि शेवटी एक वाक्य होतं: माझ्यापेक्षा चांगला लेखनिक तुम्हाला मिळायला हवा, मी संस्थेला तसं कळवतो. मग त्याने फोन बंद करून ठेवला. आपण तिच्या भल्यासाठी बाजूला होतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. कुसुमताईंनी दार उघडलं. बाहेर काठी हातात घेऊन दीक्षा उभी. संस्थेकडून पत्ता घेऊन, कोथरूडच्या स्टॉपवर उतरून विचारत विचारत आली होती.

"सलिल सर घरी आहेत का?"

"घरी आहे, फोनवर नाही," कुसुमताई म्हणाल्या. "ये बाळ, आत ये. उंबरठा जरा उंच आहे."

सलिल खोलीतून बाहेर आला आणि तिला पाहून जागच्या जागी थिजला. दीक्षाने खुर्ची चाचपली, बसली, पाणी प्यायली.

"सर, तुमचा मेसेज माझा मोबाइल मोठ्यानं वाचते. खोलीतल्या सगळ्या पोरींनी ऐकला. एकीनं तर विचारलं, कोण वारलं काय?"

कुसुमताईंना हसू आवरेना. सलिल मान खाली घालून म्हणाला, "मला खरंच फार वाईट वाटलं, दीक्षा. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे."

"वाटलं असन. पण त्यानं माझा प्रश्न लिहून नाही झाला नं." आता तिच्या आवाजात धार आली. "चूक झाली ते ठीक आहे. माझा राग तुम्ही पळून गेले त्याचा आहे. आता ऐन परीक्षेत मी नवा माणूस कोठून आणू? आणि काहून आणू, तुम्ही असताना?"

तेव्हा सलिलने, कधी नव्हे ते, मनातलं सांगितलं. ऑफिसातल्या त्या चाचणीचं सांगितलं. आपण अंतर्मुख आहोत, आपल्या स्वभावातच वाद टाळणं आहे, समोरचा ओरडला की आपलं सगळं गोठतं, हे तसं छापूनच आलंय, असं सांगितलं. दीक्षाने ते सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला सर्टिफिकेट मिळालं," ती म्हणाली.

"तसं म्हणा हवं तर."

"सर्टिफिकेट माझ्याजवळ पण आहे. सरकारी. शंभर टक्के अंध. मी ते दाखवून जादा वेळ मागते, म्हणजे काम पूर्ण करता येते. तुम्ही तुमचं दाखवून काम सोडून राहिले."

नेहमीप्रमाणे सलिलला उठून आत जावंसं वाटलं. पण ती बसमध्ये उभी राहून, रस्ता विचारत, एवढ्या लांब आली होती, आणि त्याला हाकलायला नव्हे, परत न्यायला आली होती. हे लक्षात आलं तसा तो हळूहळू निवला.

"मी काय करू, सांग," तो म्हणाला. इतके महिने तो तिला अहो-जाहो करत आला होता. "सांग" कधी तोंडून गेलं ते त्यालाही कळलं नाही.

"पुढच्या पेपरला या. आणि बोला."

"आणि आवाजच फुटला नाही तर?"

"ते माझ्यावर सोपवा," कुसुमताई मध्येच म्हणाल्या. "काउंटरपलीकडून माणसाला गप्प कसं करतात ते मला विचारा. चाळीस वर्षं तेच केलंय." आणि पदर खोचून त्या डायनिंग टेबलाशी उभ्या राहिल्या. "हं. मी सुपरवायझर. वेळ संपली. द्या पेपर."

"मॅडम, यांना जादा वेळ..."

"तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही, मी लेखनिक."

"मग लिहा. बोलायचे पैसे कोणी दिलेत का तुम्हाला?"

सलिल अडकला. दीक्षा खळखळून हसली आणि मग गंभीर झाली. "दादा, आवाज चढवू नका. तुम्ही मोठ्यानं बोलायला जाता तर तुमचा आवाज फाटते. तुम्ही रोज बोलता तसंच हळू बोला. फक्त मधे थांबू नका. वाक्य पूर्ण करा."

दुपारपर्यंत तालीम चालली. कुसुमताईंनी त्याला तुसडेपणाच्या सगळ्या परी दाखवल्या. मध्ये थालीपीठ झालं, चहा झाला. आणि एकदा, बहुधा आठव्या-दहाव्या खेपेला, सलिलने आईच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता म्हटलं, "मी पेपर देणार नाही. नियमाची प्रत बाहेर बॅगेत आहे. आपण वाचा, तोवर आम्ही लिहितो." कुसुमताईंनी खोचलेला पदर काढला आणि तालीम संपवली.

पण सलिल तालमीवरच थांबला नाही. त्या पर्यवेक्षकांचं एक वाक्य त्याच्या मनात राहिलं होतं: मला कोणी लेखी दिलेलं नाही. माणूस दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. सोमवारी त्याने ऑफिसातून अर्धी रजा घेतली आणि दीक्षाबरोबर तो कॉलेजच्या परीक्षा विभागात गेला. तिथल्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम. त्यांच्यासमोर काय घडलं ते त्याने स्वतः सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. बुडालेल्या वेळेबद्दल दीक्षाने अर्ज दिला. "विद्यापीठाकडे पाठवते, पण आशा धरू नका," मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या. सलिलने विचारलं, "मॅडम, यापुढे जादा वेळेचा आदेश खोलीवरच्या पर्यवेक्षकांच्या फायलीत लावता येईल? त्यांनाही लेखी आधार हवा असतो." मॅडमनी मान डोलावली आणि तिथंच आदेश टाइप करायला सांगितला. बाहेर आल्यावर दीक्षा म्हणाली, "हे मला नसतं सुचलं. मी नुसती भांडली असती."

शेवटच्या पेपरला पर्यवेक्षक तेच होते. आदेश फायलीत होता. त्यांनी तो वाचलेलाही होता. तरी घंटा झाल्यावर ते उठून टेबलाशी आले. या वेळी आवाज चढलेला नव्हता, उलट पडलेला होता.

"हे बघा, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या मिसेसना दवाखान्यात न्यायचंय. आज नेमकी दुसरी सोय झाली नाही. थोडक्यात आटपा, एवढी विनंती."

ओरडणाऱ्या माणसाची तालीम झाली होती, पण विनवणाऱ्या माणसाची कुणी करून घेतली नव्हती. त्या माणसाची तगमग सलिलला आरपार कळत होती. दीक्षा बोलायची थांबली. उत्तर द्यायचं तिने सलिलवर सोडलं.

"सर," सलिल म्हणाला. आवाज बारीक होता, पण त्याने वाक्य सोडलं नाही. "आपण जायलाच हवं. आत्ताच निघा. पण पेपर पूर्ण वेळ चालेल, तो मी देणार नाही. प्रियदर्शनी मॅडमना आपण फोन करा, त्या दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. आपल्यावर काही येणार नाही."

हा मार्ग पर्यवेक्षकांना सुचलाच नव्हता. त्यांनी फोन लावला. थोड्याच वेळात ऑफिसातल्या एक बाई येऊन दारात उभ्या राहिल्या. पर्यवेक्षकांनी घाईघाईने चपला चढवल्या, पिशवी उचलली, आणि जाता जाता सलिलच्या खांद्याशी वाकले.

"त्या दिवशीही असंच सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं हो."

ते वाक्य सलिलला लागलं. पण नेहमीसारखं रुतून बसलं नाही. खरं होतं म्हणून लागलं, आणि खरं होतं म्हणूनच त्या माणसाविषयी त्याला कृतज्ञता वाटली. तो पेन उचलून दीक्षाकडे वळला. "बोल," तो म्हणाला. पेपर पूर्ण झाला, आणि परत वाचून दाखवायलाही वेळ उरला.

निकाल लागला. अर्जाचं काहीच झालं नाही. तिसऱ्या पेपरात दीक्षाला गुण कमीच पडले आणि तिचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. सलिलने ते तिच्याकडून फोनवर ऐकलं. "माझ्यामुळे," तो म्हणाला. "हाव, तुमच्यामुळे," ती म्हणाली, "आणि शेवटच्या पेपरात सगळ्यांत जास्त पडले, ते पण लिहून ठेवा." दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणारं माणूस आपल्या आयुष्यात आलं, हे केवढं भाग्य, असं सलिलला त्या दिवशी वाटलं. आजवर त्याला माणसं मिळाली होती ती एक तर त्याला जपणारी, नाही तर त्याच्यावर चिडणारी.

ऑफिसातही काही क्रांती झाली नाही. तो अजूनही मीटिंगमध्ये गप्पच असायचा. मात्र एकदा त्याच्या धड्यातला एक भाग काढून टाकायचं ठरलं, तेव्हा "चालेल"च्या जागी तो म्हणाला, "मला नाही पटत. का, ते सांगतो." आणि त्याने सांगितलं. निम्मं त्यांनी मानलं, निम्मं नाही. त्या रात्री तो व्यवस्थित जेवला.

पावसाळा सरत आला तेव्हा दीक्षाला दारव्ह्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. यवतमाळच्या गाड्या वाघोलीवरून जातात. सलिल तिला पोचवायला गेला, आणि कुसुमताईही आल्या. हायवेच्या कडेला ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची रांग होती, सामान चढत होतं, शेंगदाणेवाला ओरडत होता. कुसुमताईंनी दशम्यांचा डबा दीक्षाच्या हातात दिला. "वर लसणाची चटणी आहे, आडवा धरू नकोस. आणि पोरांना पहिल्याच दिवशी धाकात घे."

सलिलला बोलायचं होतं. आठवडाभर तो मनात वाक्यं जुळवत होता. आता इथं, ट्रकच्या हॉर्नमध्ये, त्यातलं एकही आठवेना.

"दीक्षा, तू त्या रविवारी घरी आलीस," तो म्हणाला, "म्हणून मी तुझा फार आभारी आहे."

दीक्षाने मान तिरकी केली. तिला नीट ऐकायचं असलं की ती अशी मान करायची.

"मला दुसरा लेखनिक मिळत होता, दादा. संस्थेनं नाव पण दिलं होतं."

"मग?"

"मी उत्तर सांगता सांगता मधे थांबते नं, आठवायला, तर बाकीचे पेन वाजवतात. नाही तर 'पुढे?' म्हणतात. मग माझं आठवलेलं पण जाते." ती जरा थांबली. सलिलही थांबला. "तुम्ही कधी पुढे नाही म्हटलं. तुम्ही थांबायचे. मला तुमचं थांबलेलं ऐकू यायचं. तसा माणूस मला पाहिजे होता, म्हणून मी आली. मी पण तुमची आभारी आहे."

गाडीवाल्याने हाक दिली. सलिलने तिला पायरीपर्यंत नेलं, तिचा हात दांड्यावर ठेवला. ती चढली, आपली सीट विचारत आत गेली. थोड्या वेळाने गाडी हलली आणि नगरच्या दिशेने निघाली.

कुसुमताई डोळे पुसत होत्या आणि धुळीला नावं ठेवत होत्या. सलिलने स्कूटर सुरू केली. वाटेत खराडीच्या सिग्नलला थांबले असताना त्या मागून म्हणाल्या, "संस्थेतून फोन आला होता रे सकाळी. वकिलीचा कुणी मुलगा आहे म्हणे, फार भरभर सांगतो, कुणी टिकत नाही त्याच्यापाशी. तू जाशील का, विचारत होते."

"जाईन," सलिल म्हणाला. "पण त्याला आधी हळू बोलायला सांगेन."